शेट्टी, चिराग
(४ जुलै १९९७ – ). भारताचा विख्यात बॅडमिंटनपटू. पुरुष दुहेरीतील खेळाबद्दल त्याची विशेष ख्याती आहे. जन्म मुंबई येथे. प्रारंभीचे शिक्षण त्याने गोरेगाव येथे उदय पवार यांच्या प्रबोधिनीत घेतले. पुढील प्रशिक्षण हैदराबाद येथे पुल्लेला गोपीचंद यांच्या प्रबोधिनीत झाले.

भारतीय बॅडमिंटनचा लौकिक मुख्यतः नंदू नाटेकर, प्रकाश पदुकोण, गोपीचंद इत्यादींच्या एकेरीतील यशावर उभा राहिला. लेरॉय डिसा व प्रदीप गंधे यांनी १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुष दुहेरीचे कांस्यपदक मिळविले. तथापि दुहेरीस एकेरीइतके महत्त्व दीर्घकाळ लाभले नाही. वस्तुतः दुहेरीचे तंत्र स्वतंत्र आहे. क्रीडांगणाची रुंदी एकेरीत ५·१८ मी., तर दुहेरीत ६·१० मी. असते. आक्रमणाच्या वेळी जोडीदार एकामागे एक, तर बचावाच्या वेळी शेजारी-शेजारी उभे राहतात. हा पालट क्षणार्धात व्हावा लागतो. त्यामुळे वैयक्तिक कौशल्याइतकेच परस्परांच्या हालचालींचे अचूक भान आवश्यक ठरते.

मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी २०१६ मध्ये चिराग व आंध्र प्रदेशातील अमलापुरम्‌चा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांची जोडी जुळविली. दोघेही उंच व मागील भागातून जोरदार तडाखे मारणारे असल्याने जाळ्याजवळचा खेळ आत्मसात करणे क्रमप्राप्त होते. सात्त्विकच्या तडाख्याचा वेग २०२३ मध्ये ताशी ५६५ किमी. असा विक्रमी नोंदला गेला. असा तडाखा प्रतिपक्षाने कसाबसा परतविला, की पुढे उभ्या असलेल्या चिरागने फूल जाळ्यापाशीच टिपावयाचे, हे या जोडीच्या आक्रमणाचे प्रमुख सूत्र होय.

या जोडीने २०१८ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत रौप्यपदक, तर २०१९ मध्ये थायलंड खुल्या स्पर्धेचे अजिंक्यपद मिळविले. टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२१) गटातील तीनपैकी दोन सामने जिंकूनही ती बाद झाली. कारण तीन जोड्यांचे विजय समान झाल्याने जिंकलेल्या व हरलेल्या डावांमधील फरकावर निर्णय झाला. गटात तिने हरविलेली चिनी तैपेईची ली यांग–वांग ची-लिन ही जोडीच अखेर सुवर्णपदकाची मानकरी ठरली.

यानंतर डेन्मार्कचा माजी दुहेरीपटू मथियास बो याच्या मार्गदर्शनाखाली जोडीचा उत्कर्ष झाला. बँकॉक येथे १५ मे २०२२ रोजी झालेल्या टॉमस चषकाच्या अंतिम लढतीत तिने मोहम्मद अहसान–केविन संजय सुकामुल्जो या इंडोनेशियन जोडीस १८–२१, २३–२१, २१–१९ असे हरविले व भारताने तो चषक प्रथमच जिंकला. त्याच वर्षी तिने राष्ट्रकुल सुवर्णपदक, जागतिक स्पर्धेत कांस्यपदक व फ्रेंच खुल्या स्पर्धेचे अजिंक्यपद संपादन केले. २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद, इंडोनेशिया खुली स्पर्धा आणि हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदक तिने पटकाविले. या क्रीडास्पर्धांतील बॅडमिंटनचे भारताचे हे पहिलेच सुवर्णपदक होय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही जोडी जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचली; हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय दुहेरी जोडी होय.

मार्च २०२४ मध्ये पॅरिस येथील पोर्त द ला शापेल क्रीडागृहात तिने फ्रेंच खुली स्पर्धा पुन्हा जिंकली. परंतु त्याच क्रीडागृहात ऑगस्टमध्ये झालेल्या ऑलिंपिक उपांत्यपूर्व सामन्यात पहिला डाव जिंकूनही मलेशियाच्या आरोन चिया–सो वुई यिक यांच्याकडून ती पराभूत झाली. २०२५ मध्ये पॅरिस येथेच तिने जागतिक स्पर्धेतील दुसरे कांस्यपदक मिळविले.

चिरागला अर्जुन पुरस्कार (२०२०) व मेजर ध्यानचंद खेलरत्न पुरस्कार (२०२३) हे सन्मान लाभले. ऑलिंपिक पदकाने या जोडीस दोनदा हुलकावणी दिली असली, तरी केवळ दुहेरीस वाहून घेऊनही जागतिक अग्रस्थान गाठता येते, हे तिने भारतीय खेळाडूंना दाखवून दिले.