जयपूरला सगळेच जाऊ या!

नाताळच्या सुट्टीत अख्ख्या गँगला जयपूरला न्यायचंय? रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरअखेरच तयारीत राहा. हॉटेलात प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, आधार किंवा लायसन्स ठेवा. तिथे रात्री कडाक्याची थंडी असते, तेव्हा गरम पाणी कधी येतं, जादा गादीचे किती, हे बुकिंगआधीच विचारा.

आणि महत्त्वाचं, बजेटसाठी ग्रुपवर पोल घेऊ नका. तिथे ‘परवडत नाही’ असं कुणी लिहीत नाही. ‘घरी काम आहे’ म्हणून गळतो. त्यापेक्षा एकेकाला फोन करा. सगळ्यात लहान आकड्यात बसेल तेच हॉटेल घ्या. खोली साधी चालेल, दोस्त कमी नको!