सुपरहिरोचा पत्ता काय?

२०२५मध्ये गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला, ‘लोका : चॅप्टर वन – चंद्रा’ हा मल्याळम चित्रपट लागला आणि विसर्जनाचा गुलाल धुऊन निघेपर्यंत त्याने मुंबईतल्या निर्मात्यांची झोप उडवली. जगभरातली कमाई दोनशे कोटींपलीकडे, खर्च मात्र सुमारे तीस कोटी असल्याचं सांगितलं जातं. नायिका कल्याणी प्रियदर्शन, आणि तिची शक्ती आली आहे ती केरळातल्या आजीबाईंच्या गोष्टींमधल्या नीली या यक्षिणीकडून. ही यक्षिणी आजच्या बंगळुरूत भाड्याच्या घरात राहते. त्याआधी जुलैत नवा ‘सुपरमॅन’ येऊन गेला. आपल्याकडे त्याची चर्चा झाली ती सेन्सॉरने कापलेल्या ३३ सेकंदांच्या चुंबनाची. बाकीचे दोन तास बिचारे दुर्लक्षितच राहिले.

तेव्हापासून एक जुना वाद पुन्हा रंगला आहे. सुपरहिरोंची रूपांतरं कधी झकास आणि कधी भिकार का होतात? ठरलेली उत्तरं तीन : पैसा, व्हीएफएक्स आणि मूळ गोष्टीशी इमान. तिन्ही उत्तरं लंगडी आहेत. २०११च्या ‘रा.वन’वर पैसा पाण्यासारखा ओतला होता; आज त्यातली गाणी आठवतात, गोष्ट नाही. २०२१च्या ‘मिन्नल मुरली’त वीज पडून शक्ती मिळालेला नायक गावातला शिंपी आहे आणि खलनायक तिथल्याच चहाच्या दुकानातला नोकर. त्या दोघांना लोक अजून विसरलेले नाहीत.

माझं उत्तर सोपं आहे, थोडं हट्टीही. सुपरहिरोला उडता येतं का, हे नंतर विचारा. तो राहतो कुठे आणि त्याच्याकडे गाऱ्हाणं घेऊन कोण जातं, हे आधी विचारा. ज्याला पत्ता आहे त्याचा चित्रपट सहसा तरतो. याचा सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम पुरावा परळमध्ये आहे.

परळची हंटरवाली

परळचा लवजी कॅसल हा जहाजबांधणीतल्या वाडिया घराण्याचा वाडा. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या भावांनी १९३३मध्ये तिथे वाडिया मूव्हीटोन सुरू केली. थोरले जे.बी.एच. हे हॉलिवूडच्या डग्लस फेअरबँक्सचे निस्सीम चाहते. फेअरबँक्सच्या मुखवटेधारी झोरोवरून त्यांनी १९३१मध्येच ‘दिलेर डाकू’ काढला होता. पुढे त्यांनी तोच मुखवटा एका बाईच्या चेहऱ्यावर चढवला. ती मेरी इव्हान्स, म्हणजे आपली नादिया. जन्म १९०८चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, वाढली मुंबईत. दुकानात विक्रेती म्हणून उभी राहिलेली, सर्कशीत कसरती केलेली, सोनेरी केसांची आणि हिंदी उच्चारांच्या नावाने आनंद असलेली.

‘हंटरवाली’ (१९३५) विकत घ्यायला वितरक तयार होईनात. अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत बूट, हातात चाबूक आणि खांद्यावर उचलून फेकलेले पुरुष. हे पाहणार कोण, असा त्यांचा सवाल. शेवटी निर्मात्यांनी स्वतःच तो ग्रँट रोडच्या ‘सुपर’ सिनेमात लावला. तो पंचवीसहून अधिक आठवडे चालला. बाजारात ‘हंटरवाली’ छापाचे चाबूक, पट्टे, काडेपेट्या आणि पत्ते विकले जाऊ लागले. कुणी कुणाची परवानगी घेतली नव्हती. सुपरहिरोच्या नावाने माल खपवणं मार्व्हलने शोधून काढलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या काडेपेट्या लक्षात ठेवाव्यात.

या साऱ्याचा ध्यास घेऊन अभ्यास केला तो लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठातल्या रोझी थॉमस यांनी. नादिया आणि होमी वाडियांना त्या प्रत्यक्ष भेटल्या होत्या, आणि ‘बॉम्बे बिफोर बॉलिवूड’ (२०१३) हे त्यांचं पुस्तक म्हणजे या विषयाची किल्ली आहे. त्यांच्या मांडणीचा गोषवारा असा : सामाजिक आणि पौराणिक चित्रपटांच्या इतिहासात स्टंटपटांना अडगळीत टाकलं गेलं, पण शहरातला श्रमिक प्रेक्षक तिथेच होता. साहेबाच्या सेन्सॉरपुढे स्वातंत्र्याची उघड भाषा चालत नव्हती, तेव्हा जुलमी वजीर आणि त्याला फटकावणारी राजकन्या चालून जात. पडद्यावर वजीर रणमल दिसे. पिटातल्या प्रेक्षकाला कोण दिसत असेल, हे सांगायला नको.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की झोरोची नक्कल करताना वाडियांनी झोरोला इथला करून टाकलं. राजकन्या माधुरीला बाप आहे, दगा देणारा कारभारी आहे आणि न्याय मागायला येणारी रयत आहे. पुढच्या नादियापटांत राजवाडा गेला, रेल्वे आली. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) ती चालत्या गाडीच्या टपावर मारामारी करते. ‘डायमंड क्वीन’मध्ये (१९४०) बायकांच्या हक्कांवर ती चक्क सुनावते. तिच्या घोड्याचं नाव ‘पंजाब का बेटा’ आणि मोटारीचं ‘रोल्स रॉइस की बेटी’. पाळीपाळीने भोंग्यावर पळणाऱ्या गिरणगावाला हसत हसत न्याय मिळवून देणारी बाई हवी होती, आणि ती परळमध्येच तयार होत होती.

‘तूफानी टारझन’ (१९३७) हे याच कारखान्याचं दुसरं उदाहरण. एडगर राइस बरोजच्या कादंबरीत टारझन अनाथ इंग्रज सरदारपुत्र आहे. परळच्या टारझनची आई मात्र जंगलात वेडी होऊन भटकते आहे आणि आजोबा नातवाला शोधत येतात! जॉन कावसने साकारलेल्या त्या पिळदार गड्याचा खरा प्रश्न सिंह हा नाहीच, दुरावलेलं घर हा आहे. कादंबरीचे भक्त नाक मुरडतील. रूपांतर म्हणून मला मात्र ते अस्सल वाटतं. १९४२मध्ये या जागेवर व्ही. शांताराम यांचं राजकमल आलं आणि परळचा तो चाबूक इतिहासजमा झाला.

काळा दोरा आणि चोरलेलं आकाश

तंत्राबद्दल दोनच शब्द. ‘इन्व्हिजिबल मॅन’ पाहून विजय भट्टांनी १९३७मध्ये ‘ख्वाब की दुनिया’ काढला. त्यात वस्तू हवेत तरंगवण्यासाठी बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पडद्यापुढे काळा दोरा वापरला आणि ‘काला धागा’ हे नावच त्यांना चिकटलं. पन्नास वर्षांनी ‘मिस्टर इंडिया’त (१९८७) पीटर परेरा यांनी संगणकाची मदत न घेता, कॅमेऱ्यातच नायकाला गायब केलं. त्याच वर्षी पुनीत इस्सर यांचा हिंदी ‘सुपरमॅन’ही आला. तो आठवतो तो हॉलिवूडपटातून उचललेल्या उड्डाणांसाठी. एका वर्षाचे दोन चित्रपट, पण ‘मिस्टर इंडिया’तल्या अरुणचं घर पोरांनी भरलेलं, भाडं थकलेलं, किराणा उधार. ‘सुपरमॅन’ला आकाशसुद्धा उसनं आणावं लागलं.

दूरदर्शनच्या ‘शक्तिमान’चंही (१९९७ ते २००५) तेच. गरगर फिरणाऱ्या मुकेश खन्नांचे ते ट्रिक सीन तेव्हाही तकलादूच होते. पण गंगाधर वर्तमानपत्राच्या कचेरीत फोटो काढायचा, गबाळा होता, शेवटी मुलांना चार हिताच्या गोष्टी सांगितल्या जायच्या. उपदेशाचा डोस जरा जास्तच होता, कबूल. तरी रविवारी दुपारी चाळीत ज्या एका घरात टीव्ही चालू असायचा तिथे पोरांची गर्दी व्हायची. मोठ्या पडद्यावरच्या ‘शक्तिमान’ची घोषणा २०२२मध्ये झाली, चित्रपटाचा अजून पत्ता नाही. तो आला तर त्यात अर्धं जग उद्ध्वस्त होणार आणि गंगाधरची कचेरी गायब होणार, ही माझी धास्ती.

मार्व्हलचं गाडं ओटीटीवर घसरलं ते याच वळणावर. मालिकांचा रतीब इतका वाढला की त्यामुळे दर्जा आणि प्रेक्षकाचं लक्ष दोन्ही पातळ झाल्याचं डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनाच मान्य करावं लागलं. त्या गर्दीतही ‘डेअरडेव्हिल’चा २०१५चा पहिला सीझन लोक आजही पुन्हा पाहतात, कारण त्याचा आंधळा वकील विश्व वाचवायला निघालेला नाही, न्यूयॉर्कमधल्या हेल्स किचनच्या भाडेकरूंचे खटले लढवतो आहे. गिरगावकराला हे निराळं समजावून सांगायची गरज नाही.

आणि मराठीत?

मराठीत २०१५मध्ये ‘बाजी’ आला. श्रेयस तळपदे, मुखवटा, घोडा, सगळा सरंजाम होता. धाडस मोठं होतं, पण बाजीचं ते काल्पनिक गाव पडद्यावर कधी खरं वाटलंच नाही. याउलट ‘फास्टर फेणे’ (२०१७). भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बन्याला दूरदर्शनवर सुमीत राघवनने एकदा शाळकरी वयात साकारलं होतं. चित्रपटात अमेय वाघने त्याला तरुण केलं आणि वैद्यकीय प्रवेशाच्या घोटाळ्यात सोडलं. पुस्तकांवर वाढलेल्यांनी कुरकुर केली. मला मात्र तो बदल रास्त वाटतो. परीक्षेच्या निकालाने घर हादरणं ही महाराष्ट्रातल्या कुठल्याही दारामागची गोष्ट आहे. शिवाय गोष्ट सांगायला दिलीप प्रभावळकरांच्या रूपात खुद्द भागवतच हजर.

आता माझ्याच सिद्धान्ताला खोडा घालणारा चित्रपट : विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘भावेश जोशी सुपरहिरो’ (२०१८). मुंबईतल्या पाणीचोरीवर बेतलेला, तोंडावर कागदी पिशवी चढवणारे नायक, पत्ता अगदी अचूक. तरी तो आपटला. का? शहराचा राग त्याच्याकडे होता, गंमत आटली होती. नादिया गुंडाला आपटून कमरेवर हात ठेवून हसायची. भावेशचं जग हसणंच विसरलं. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘मर्द को दर्द नहीं होता’मध्ये वासन बालांनी ती गंमत परत आणली. त्यातले महेश मांजरेकरांचे आजोबा तर नायकाइतकेच लक्षात राहतात. प्रेक्षक त्यालाही बेताचेच मिळाले, पण टोरांटो महोत्सवात ‘मिडनाइट मॅडनेस’ विभागात प्रेक्षकांनी त्यालाच पसंती दिली होती. तेव्हा तिकीटबारीचा हिशेब मी देऊ शकत नाही. चित्रपट चांगला होण्यासाठी पत्त्याबरोबर मजाही लागते, एवढीच दुरुस्ती माझ्या म्हणण्याला करतो.

आपल्या शहराची ही दोन्ही अंगं सोनीच्या अ‍ॅनिमेटर्सनी ओळखली. ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मधला (२०२३) पवित्र प्रभाकर मुंबई आणि मॅनहॅटनच्या मिश्रणातून झालेल्या शहरात, वाहतुकीच्या कोंडीवरून झोके घेत, माणसांनी भरलेली बस वाचवतो. तो मराठीतही बोलला होता, हे कितीजणांना आठवतं?

लालबाग-परळ-गिरगावात गोष्टींचा तुटवडा नाही. पुनर्विकासाच्या नावाखाली संक्रमण शिबिरात म्हातारी झालेली कुटुंबं आहेत. १९८२च्या संपानंतर हक्काचं घर मिळेल म्हणून थांबलेली गिरणी कामगारांची तिसरी पिढी आहे. ज्या फिनिक्स मिलमध्ये आजोबांनी साचे चालवले, तिथल्याच मल्टिप्लेक्समध्ये नातू ‘सुपरमॅन’ पाहतो. एवढं सगळं दाराशी असताना मराठी निर्माता बजेटचं रडगाणं गातो, हे ‘लोका’नंतर ऐकून घेण्यात अर्थ नाही. सुपरहिरोचा पोशाख हिंदमाताच्या बाजारातलं कापड आणून आठवड्यात शिवून मिळेल. गोष्ट मात्र लेखकाकडूनच लिहून घ्यावी लागेल, आणि तिचे पैसे त्याला वेळेवर द्यावे लागतील.