दारात गाडी येण्याआधी

कापूस विकला, तुरीचे पैसे हाती आले, की पाडव्याच्या सुमारास घरात एक विषय हमखास निघतो, "औंदा गाडी घेऊ." इथवर दुमत नसते. दुमत होते ते पुढे. थोरला मुलगा म्हणतो, "बाबा, तेवढ्याच पैशात जुनी स्कॉर्पिओ येते. दारात उभी राहिली की गाव पाहील." सून म्हणते, "लहान असू द्या, पण नवी घ्या. रस्त्यात बंद पडली तर लेकरं घेऊन कुठं बसायचं?" दोघांचेही खोटे नाही. पण वाचकहो, पाच लाख रुपये म्हणजे कोरडवाहू घराची कितीतरी वर्षांची शिल्लक. बैलजोडी घेताना आपण दोन-चार बाजार फिरतो, दात पाहतो, चालवून पाहतो. मग गाडीच्या बाबतीत घाई का?

आधी फेऱ्या मोजा

एक वही घ्या आणि वर्षभरात गाडी कुठे कुठे जाणार ते लिहून काढा. आठवडी बाजार, खामगावची बाजार समिती, शेगावचे दर्शन, बुलढाण्याचा किंवा अकोल्याचा दवाखाना, लेकीचे सासर, लग्नसराई. प्रत्येक फेरीपुढे किलोमीटर आणि बसणारी माणसे मांडा. बहुतेक फेऱ्या तीन-चार माणसांच्याच निघाल्या, तर लहान गाडी पुरते. वर्षातून दोनदा सगळे मिळून जायचे असेल, तर त्या दिवशी भाड्याची गाडी केलेली परवडते. मात्र घर एकत्र असेल, दर आठवड्याला सात-आठ माणसांचे जाणे असेल, तर लहान गाडीत माणसे कोंबणे बेकायदा आहे आणि धोक्याचेही. तिथे मोठी गाडीच हवी.

एक गैरसमज मात्र काढून टाका. मोठी गाडी म्हणजे ती पांदणीने शेतात जाईल, असे पुष्कळांना वाटते. बाजारात येणाऱ्या जुन्या मोठ्या गाड्यांपैकी बहुतेकांची फक्त मागची चाके ओढतात. श्रावणात पूर्णाकाठच्या काळ्या मातीत ती रुतली, तर काढायला ट्रॅक्टरच लागतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर, राजूर घाटाच्या चढणीवर तिची उंची आणि ताकद कामी येते हे खरे.

खर्चाचा हिशेब

समजा, वर्षाला दहा हजार किलोमीटर गाडी फिरते. जुनी डिझेल गाडी लिटरला 12 किलोमीटर देते आणि डिझेल 90 रुपये धरले, तर वर्षाचे 75,000 रुपये होतात. लहान पेट्रोल गाडी लिटरला 20 देते आणि पेट्रोल 105 रुपये धरले, तर 52,500. फरक साडेबावीस हजारांचा. सक्तीच्या त्रयस्थ विम्याचा 2022 मध्ये ठरलेला वार्षिक हप्ता 1000 सीसीपर्यंतच्या गाडीला 2,094 रुपये, तर 1500 सीसीवरच्या गाडीला 7,897 रुपये. करवेगळ्या या आकड्यांत पाच हजार आठशेंचा फरक. दोन्ही मिळून पाच वर्षांत एक लाख चाळीस हजारांच्या घरात जाते.

आता दुसरी बाजू. नवी गाडी दुकानाबाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते. जुनी स्कॉर्पिओ किंवा बोलेरो मात्र सहज विकली जाते, आणि तिचे काम तालुक्यातल्या प्रत्येक मिस्त्रीला येते. म्हणून नुसत्या इंधनावर निकाल लावू नका. पारडे फिरते ते दुरुस्तीने. क्लच, टर्बो, डिझेलचा पंप, चार टायर, यांपैकी दोन कामे एकाच वर्षी निघाली, तर खताचे पैसे गाडी खाते. मोठी गाडी घ्यायचीच असेल, तर निदान पन्नास-साठ हजार रुपये दुरुस्तीसाठी वेगळे काढून ठेवा. ते निघत नसतील, तर हा हत्ती आपल्या दारी पोसवणार नाही.

नव्या गाडीच्या बाजूने अलीकडे एक गोष्ट घडली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपेक्षा लहान, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला आणि वरचा उपकरही गेला.

कागद म्हणजे गाडीचा सातबारा

जमीन घेताना बोजा पाहता ना? आरसी बुकावरही बँकेचा बोजा असतो. तो उतरल्याशिवाय इसार देऊ नका. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2014 ची गाडी घेतली, तर 2029 ला तपासणी, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर पुढ्यात उभा राहतो. दिल्लीकडची गाडी स्वस्त दिसते, पण तिकडचे ना-हरकत पत्र, इथला कर आणि नवा एमएच-28 क्रमांक हे सारे धरून भाव करा.

गाडी नावावर करून घेणे मुळीच लांबवू नका. विकणाऱ्यांनाही हेच सांगणे. गाडी दुसऱ्याच्या दारात आणि नोंद तुमच्या नावावर, अशा स्थितीत अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. आणि खासगी पासिंगच्या गाडीत भाड्याची माणसे बसवू नका. अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते.

जिवाचा प्रश्न

मेहकर, सिंदखेडराजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आणि जुन्या गाड्याही शंभराच्या पुढे धावू लागल्या. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसली तरी जुना टायर वेगात दगा देतो. ब्रेक दाबताना चाके अडकू न देणारी यंत्रणा आणि चालकापुढची हवेची पिशवी नव्या गाड्यांत 2019 पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत ती आहेत का, हे विचारून घ्या. मोठा पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी, असे नाही.

जुनी गाडी पाहायला सकाळी, इंजिन गार असताना जा. आपला मिस्त्री सोबत न्या, विकणाऱ्याचा नको. निळा किंवा काळा धूर, दाराच्या कडांचा गंज, रंगातला फरक पाहा. मीटरच्या आकड्यापेक्षा झिजलेले पेडल आणि स्टिअरिंग खरे बोलतात.

सरतेशेवटी आमचे मत सांगतो. घरात चार-पाच माणसे, हप्त्याची ओढ आणि दुरुस्तीला वेगळा पैसा नाही, अशा घराने नवी लहान गाडी घ्यावी. माणसे जास्त, रस्ता खराब, मिस्त्री ओळखीचा आणि गाठीला पैसा, अशा घराने कागद चोख असलेली जुनी मोठी गाडी खुशाल घ्यावी. पीककर्जाचा पैसा मात्र दोन्हींत घालू नये. आणि निर्णयाला बसाल तेव्हा सुनेला, आजीलाही बसवा. गाडीच्या उंच पायरीवर आजीचा गुडघा चढतो का, हे गावाला दिसत नाही, पण घराला रोज दिसते.