सुरतेचा हस्तिदंत आणि मेंढपाळाची आकडी

सुरत म्हटले की आपल्या घरांत पहिली आठवण निघते ती १६६४ च्या जानेवारीतील शिवछत्रपतींच्या स्वारीची. त्या स्वारीतील एक हकीगत मात्र क्वचितच सांगितली जाते. बर्निए या फ्रेंच वैद्याने आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले आहे की, शहराची लूट चालू असता कापुचिन पंथाचे पाद्री अँब्रोज यांच्या घराला महाराजांनी हात लावू दिला नाही. हे फिरंगी पाद्री सज्जन आहेत, त्यांस उपद्रव होऊ नये, असा त्यांचा हुकूम होता.

पाद्री म्हणजे बाप. पण ख्रिस्ती धर्मात या बापाचे खरे काम मेंढपाळाचे मानले आहे. कापुचिन हे फकिरी वृत्तीचे लोक. बिशप आणि मोठ्या मठांचे अधिपती यांच्या हाती मात्र मेंढपाळाचा दंडच असतो. मराठी बायबलात अशा काठीसाठी ‘आकडी’ हा आपल्या रानातला शब्द आला आहे. या दंडाचा अर्थ जुने धर्मपंडित तीन भागांत सांगत: वरच्या वाकाने चुकल्या जिवाला जवळ ओढावे, मधल्या सरळ भागाने कळप सांभाळावा आणि खालच्या अणीने आळशाला टोचावे.

मध्ययुगात युरोपातील कारागिरांनी अशा कित्येक दंडांची डोकी हस्तिदंतात कोरली. वाक गोल वळत जातो आणि त्याचे टोक पुष्कळदा सर्पाच्या मुखात संपते. त्या वेटोळ्यात क्रूस घेतलेले कोकरू उभे असते. कोकरू म्हणजे ख्रिस्त, सर्प म्हणजे पाप. परंतु मोशेच्या काठीचा सर्प झाला होता, हीही कथा पाहणाऱ्याच्या मनात असे. कुठे वाकाला पाने फुटलेली दिसतात. ती अहरोनाच्या पालवलेल्या काठीची खूण. पुढे फ्रान्समध्ये वेटोळ्याच्या एका बाजूस बाळ घेतलेली मरियम आणि दुसऱ्या बाजूस क्रूसावरील ख्रिस्त कोरू लागले. दंड फिरविला की जन्मामागे मरण उभे!

हाच मेंढपाळ सतराव्या शतकात गोव्याकडील कारागिरांच्या हाती आला, तेव्हा त्याचे मूल झाले. डोंगराच्या माथ्यावर गालाला हात लावून, डोळे मिटून ते बसले आहे. खांद्यावर कोकरू, मांडीवर कोकरू. खाली झऱ्यावर तहानलेले जीव आणि तळच्या गुहेत पश्चात्तापाने पहुडलेली मग्दालेची मरियम. आपल्यापैकी कोणालाही तेथे ध्यानस्थ बुद्ध किंवा गोकुळातला कान्हा आठवावा, असेच ते रूप आहे.

हस्तिदंतच का? तो शुभ्र, म्हणून निष्कलंकतेचे चिन्ह. मरियमेलाही प्रार्थनेत ‘हस्तिदंती मनोरा’ म्हणतात. पण हा शुभ्रपणा कोठून येई, हे सुरतेला विचारावे. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून हत्तींचे दात गलबतांत भरून दीव आणि सुरतेच्या बंदरांत उतरत. त्यांतून गुजराती नवरीचा चुडा होई आणि सुरतेच्या सादेली पेट्यांवरील बारीक जडावकामही.

मला खटकते ते येथे. कळप राखण्याची खूण कोरण्यासाठी दुसरा एक कळप मारला जात होता. सौभाग्याच्या चुड्यालाही हेच लागू आहे, तेव्हा परधर्माकडे बोट दाखविण्याचे आपल्याला कारण नाही. १९८९ साली हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचे ठरले. सुरतेचे सादेली कारागीर आता त्या जागी दुसरे पदार्थ बसवितात. पेटीची नक्षी तशीच उठून दिसते. बिशपाच्या हातचा दंडही आज बहुधा धातूचा किंवा लाकडाचा असतो. धनगराची काठी तर पहिल्यापासून लाकडाचीच होती, आणि तिच्याने कळप राखण्यात कधी काही उणे पडले नाही.