संगणकांची घराणी

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याच्या एका शिक्षकमित्राने मध्यंतरी एक प्रश्न विचारला. त्यांच्याकडे दोन संगणक आहेत. दोन्हींचे यंत्र एकाच बनावटीचे. एकावर विंडोज आहे, दुसऱ्यावर ‘बॉस’. गणिताचा एक जुना प्रोग्रॅम पहिल्यावर झकास चालतो. दुसऱ्यावर उघडतच नाही. यंत्र तेच, मग असे का?

प्रोग्रॅम यंत्राशी सगळे व्यवहार थेट करत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर उमटवणे, छपाई करणे ही कामे तो कार्यप्रणालीकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागतो. मागण्याचा नमुना प्रत्येक प्रणालीचा वेगळा. तहसील कचेरीचा अर्ज बँकेत दिला तर कारकून तो परत करतो, त्यातले मराठी त्याला वाचता येत असले तरी! इथेही तसेच घडते. बेरीज-वजाबाकीच्या आज्ञा दोन्ही यंत्रांना कळतात, अर्जाचा नमुना जुळत नाही.

हे नमुने वेगळे का झाले, ते कळायला घराण्यांचा इतिहास पाहावा लागतो. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतली. १९७३ मध्ये ती बहुतांशी ‘सी’ भाषेत पुन्हा लिहिली गेली. त्यामुळे ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे सोपे झाले. बर्कलेच्या विद्यापीठाने तिच्यात भर घालून आपली शाखा काढली. पुढे मूळ मालकाच्या कंपनीने त्यावरून १९९२ मध्ये दावा लावला आणि १९९४ मध्ये तो आपसात मिटला. भाऊबंदकी इथेही सुटली नाही! ॲपलच्या २००१ च्या मॅक प्रणालीत या बर्कले शाखेचा मोठा अंश आहे, आणि आयफोनचा गाभाही त्याच कुळातला.

लिनक्सची गोष्ट वेगळी. अँड्र्यू टॅनेनबॉम हे ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक. विद्यार्थ्यांना कार्यप्रणाली शिकवता यावी म्हणून त्यांनी १९८७ मध्ये युनिक्ससारखी छोटी ‘मिनिक्स’ लिहिली. ती वापरत असताना हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये स्वतःचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘ग्नू’ प्रकल्पाची अवजारे त्याला येऊन मिळाली. लिनक्स युनिक्सची नक्कल करून लिहिलेली नाही. वागणे मात्र युनिक्सचे. गाण्यात मुलगा नसलेला शिष्यही घराण्याची गायकी पुढे नेतो ना, तसेच हे.

या शिष्याचा परिवार केवढा! अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा. त्यामुळे त्वरितादेवीच्या दर्शनाला तलवाड्यात येणाऱ्यांच्या खिशांतले बहुतेक फोन याच घराण्यातले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये आलेला ‘प्रत्यूष’ हा महासंगणकही लिनक्सवरचाच. ‘बॉस’ ही सी-डॅकने २००७ मध्ये दिलेली भारतीय प्रणाली. ती लिनक्सच्या ‘डेबियन’ शाखेवर उभी आहे.

विंडोजचे मूळ निराळे. गॅरी किल्डॉल यांच्या सीपीएमच्या धर्तीवर टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये एक प्रणाली लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली, तीच डॉस. १९८५ ची पहिली विंडोज या डॉसच्या खांद्यावर उभी होती. ९५ आणि ९८ यांच्याही पोटात डॉस होताच. परंतु १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीचा गाभा डेव्ह कटलर यांच्या गटाने नव्याने लिहिला. कटलर आधी डिजिटल कंपनीत व्हीएमएस प्रणालीचे काम करत. २००१ ची एक्सपी या नव्या गाभ्यावरची. म्हणजे ९८ आणि एक्सपी दिसायला सख्ख्या बहिणी, आतून मात्र परक्या. चेहऱ्यावरून नाते ठरवू नये ते असे.

तरी जुन्या घराच्या खुणा उरतातच, आपल्या माकडहाडासारख्या. विंडोजच्या संगणकात ‘सी’ ड्राइव्ह असतो. ‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेले? ती अक्षरे फ्लॉपींसाठी होती. फ्लॉपी गेल्या, अक्षर राहिले. ही अक्षरे देण्याची रीत सीपीएमपासूनची. वर्गात एक गंमत करून पाहा. विंडोजवर नवे फोल्डर करून त्याला ‘सीओएन’ ही तीन रोमन अक्षरे नाव म्हणून द्या. संगणक नकार देईल, कारण डॉसच्या काळी ते नाव कळफलक-पडद्यासाठी राखून ठेवले होते. ‘बॉस’वर तेच फोल्डर विनातक्रार होते. मुलांना आधी उत्तर सांगू नका.

आता मित्राच्या प्रोग्रॅमचे काय? त्याची मूळ संहिता मिळाली, तर जाणकार तो लिनक्ससाठी पुन्हा तयार करू शकेल. पण विकत घेतलेल्या प्रोग्रॅमबरोबर ती सहसा मिळत नाही. ‘वाइन’ नावाचा दुभाषी विंडोजचे अर्ज लिनक्सच्या नमुन्यात बदलून देतो. तो बसवून पाहावा. मात्र प्रत्येक प्रोग्रॅम त्याला पेलतोच असे नाही. भूमितीपुरते म्हणाल तर जिओजेब्रा दोन्हीकडे चालते.

विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर बसत नाही, म्हणून ती भंगारात काढायचा सल्ला मिळतो. मला तो घाईचा वाटतो. यंत्र धडधाकट असेल, तर आधी एका पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. त्यासाठी विंडोज पुसावी लागत नाही. छपाईयंत्र, आवाज आणि मराठी टंकलेखन तपासा, आणि मगच काय ते ठरवा.