राहिलेलं गणित

मागच्या दिवाळीत मंडळाच्या फराळाला एका काकूंनी विचारलं, "तू एम.ए. ना गं? मग इथे पुढे का शिकत नाहीस?" मी हसून चकलीची बशी पुढे केली. माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

अर्थशास्त्रात एम.ए. करून मी चार वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं. लग्नानंतर एच-४ व्हिसावर अमेरिकेत आले. या व्हिसावर शिकता येतं. नोकरीची परवानगी मात्र नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या टप्प्यावर अवलंबून. पदवी मिळाली म्हणून ती मिळत नाही.

तरी जानेवारीत 'अप्लाइड इकॉनॉमिक्स'च्या मास्टर्सची माहिती काढली. बहुतेक ठिकाणी साधारण ३० क्रेडिट, म्हणजे दहा विषय. सूक्ष्म, स्थूल, संख्याशास्त्र आणि अर्थमिती हा पाया. मग आरोग्य, पर्यावरण, वित्त असे आवडीचे विषय. भर आकडेवारी हाताळण्यावर. जीआरई अनेक विद्यापीठांत सक्तीची नाही. ट्रान्सक्रिप्ट, शिफारसपत्रं, भारतातल्या पदवीचं मूल्यांकन लागतं. ट्रान्सक्रिप्टसाठी बाबांनी विद्यापीठात दोन खेपा घातल्या, तेव्हा माझी आपली काळजी, की एवढं करून मी माघार घेतली तर?

कारण यादीत आणखी एक ओळ होती: 'कॅल्क्युलस, एक सत्र.' दहावीनंतर मी कला शाखा घेतली तीच गणित सुटावं म्हणून! लॅपटॉप मिटून कुकर लावला.

चार दिवसांनी धीर करून विभागाला ईमेल केली. कम्युनिटी कॉलेजात केलेलं कॅल्क्युलस चालेल, असं उत्तर आलं. तिथल्या चाचणीत मी आणखी एक पायरी खाली निघाले, म्हणून उन्हाळ्यात प्रीकॅल्क्युलस केलं. आता संध्याकाळी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांत बसते. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला लेकीचे पाढे, दुसऱ्या बाजूला माझं विकलन.

सप्टेंबरात एकदा वहीत वक्राचा उतार काढताना थबकले. हा तर सीमांत खर्च! 'एक नग वाढवला की वाढणारा खर्च' असं मी चार वर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. ते नेमकं काय, हे त्या रात्री कळलं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची आठवण आली, थोडी लाजही वाटली.

परीक्षा डिसेंबरात आहे. पहिल्या चाचणीत ६८ मिळाले, ते पुरेसे नाहीत. पण मैत्रिणींनो, पात्रतेची यादी पाहून लॅपटॉप मिटू नका. जे राहिलंय ते कुठे भरून काढता येईल, एवढं आधी विचारा.

काकू, यंदा चकलीबरोबर उत्तरही आणते आहे.