लाल शाईखाली काय समजलं?

निबंधाची वही परत मिळाली की मुलं आधी गुण बघतात, मग लाल खुणा मोजतात आणि वही दप्तरात जाते. इंग्रजीच्या वहीत तर लाल रंग जरा जास्तच असतो. शिक्षकानं रात्री जागून ती वही तपासलेली असते. पण 'वाक्यरचना सुधारा' या शेऱ्यातून मुलाला नेमकं काय समजलं, हे त्याला सहसा कुणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या लेखन-शिक्षिका नॅन्सी सॉमर्स यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर न्यूयॉर्क आणि ओक्लाहोमा विद्यापीठांतल्या ३५ शिक्षकांचे शेरे तपासले. १९८२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बरेचसे शेरे रबरी शिक्क्यासारखे निघाले. एका निबंधावरचा शेरा उचलून दुसऱ्यावर चिकटवला असता, तरी काही बिघडलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे एकाच परिच्छेदात एक खूण स्वल्पविराम दुरुस्त करायला सांगे, तर समासातली दुसरी तो परिच्छेदच नव्यानं मांडायला सांगे. जे वाक्य उद्या राहणारच नाही, त्यातला स्वल्पविराम आज कशासाठी नीट करायचा? विद्यार्थ्याचा गोंधळ अगदी रास्त होता.

पुढे हार्वर्डमध्ये, १९९७ पासून, सॉमर्स यांनी चारशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या लेखनाचा प्रवास पदवीपर्यंत पाहिला. शेऱ्यांचा आपल्याला काय उपयोग झाला, हे इथे विद्यार्थ्यांनीच सांगायचं होतं. आपलं लेखन कुणीतरी मन लावून वाचलं असं ज्या शेऱ्यातून जाणवलं, तो त्यांच्या लक्षात राहिला होता.

मात्र मुलांचा अभिप्राय दर वेळी तोंडानंच सांगितला जातो असं नाही. चूक हाही अभिप्रायच असतो, आणि तो वाचायला शिकवलं मिना शॉनेसी यांनी. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं शहरातल्या शाळांमधून उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला प्रवेश खुला केला. घरात कुणीही कॉलेजची पायरी न चढलेली मुलं वर्गात आली. त्यांच्या इंग्रजीतल्या चुका पाहून कित्येक प्राध्यापक हबकले. तिथं शिकवणाऱ्या शॉनेसी यांनी मात्र प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेले सुमारे ४,००० निबंध वाचून काढले. या चुका निष्काळजीपणाच्या नव्हत्या. त्यांच्या मागे मुलांनी मनाशी बांधलेले नियम होते, बोलीच्या सवयी होत्या, चुकण्याची भीती होती. १९७७ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकानं लेखन शिकवण्याची दिशाच बदलली.

मराठी मुलगा 'डिस्कस अबाउट' लिहितो, तेव्हा त्याच्या मनात 'विषयाबद्दल चर्चा' हे शब्द असतात. 'अ' आणि 'द' तो गाळतो, कारण मराठीत त्यांना जागाच नाही. नुसती फुली मारली तर हे कारण तिथंच दडपलं जातं. 'असं का लिहिलंस?' एवढं विचारलं, तर उद्याचा पाठ हाती येतो.

विचारायचं कधी, हेही महत्त्वाचं. डॅना फेरिस यांनी १९९५ मध्ये इंग्रजी ही परभाषा असलेल्या १५५ विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा शेवटच्या खर्ड्यापेक्षा आधीच्या खर्ड्यांवरचे शेरे ते अधिक मनावर घेतात असं दिसलं. साहजिकच आहे, कारण तेव्हा दुरुस्तीला वाव असतो. आपल्याकडे कॉलेजांत 'नॅक'च्या मूल्यांकनासाठी अभिप्रायाचे अर्ज भरून घेतले जातात. पण सत्र संपताना भरलेल्या अर्जाचा, तो भरणाऱ्या मुलांना काय उपयोग?

यावर एक साधी युक्ती बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रुजली, तीही एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाच्या वर्गात. तास संपताना मिनिटभरात दोन उत्तरं लिहायची : आज सर्वांत महत्त्वाचं काय शिकलात? कोणता प्रश्न उरला? नाव घालायची गरज नाही. लेखनाच्या तासाला तिसरा प्रश्न जोडता येईल : माझा कोणता शेरा कळला नाही?

अर्थात, मुलं मागतील ते सगळं द्यायचं असं नव्हे. इलोना लेकी यांनी १९९१ मध्ये अशाच परभाषक १०० विद्यार्थ्यांचं मत घेतलं, तेव्हा बहुतेकांना प्रत्येक चूक दाखवून हवी होती. उलट १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी व्याकरणाच्या दुरुस्त्या निरुपयोगी असल्याचं ठामपणे मांडलं आणि मोठा वाद पेटला. अशा वेळी निर्णय शिक्षकालाच घ्यावा लागतो. पण तो का घेतला, हे वर्गाला सांगायलाच हवं. या महिन्यात फक्त क्रियापदाचा काळ तपासणार असलो, तर तसं आधी सांगावं.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीला पोचलेल्या मुलाकडे या भाषेच्या शिकवण्याबद्दल दहा वर्षांचा अनुभव असतो. शिक्षकहो, पुढच्या वेळी वह्या परत देताना प्रत्येकाच्या हाती अर्धा कोरा कागद द्या, आणि त्यावर मराठीत लिहिलं तरी चालेल, हे आवर्जून सांगा.